दोनशे पदार्थ, चार शेगड्या: आपल्या हॉटेलचं मेन्यूकार्ड वाचायचं कसं?

विजापूर रोड, होटगी रोड किंवा जुळे सोलापुरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी फॅमिली हॉटेलात जा. मेन्यूकार्ड चाळायलाच पाच मिनिटं जातात. सूप, स्टार्टर, पंजाबी, चायनीज, तंदूर, बिर्याणी, साउथ इंडियन, मग 'सोलापुरी स्पेशल' असं एक पान, आणि हल्ली शेवटी पास्ता, मोमोज, थाई करीसुद्धा. मोजले तर पदार्थ दीडशे-दोनशेच्या घरात जातात. आत स्वयंपाकघरात माणसं किती? मालक, वेटर सोडले तर सात-आठ. तरी यातलं काहीही मागवा, वीस मिनिटांत टेबलावर हजर.

घरी पाहुणे आले आणि चार भाज्या करायच्या म्हटल्या तर सकाळपासून पदर खोचावा लागतो. मग हे जमतं कसं? गोम अशी आहे की कार्डावर पदार्थ दोनशे असले तरी आत चालतात त्या चार-पाच शेगड्या. प्रत्येक शेगडीचा माणूस वेगळा, तिची तयारी वेगळी, तिच्या सवयी वेगळ्या. कार्ड पदार्थांच्या नावांनी वाचलं की गोंधळ उडतो. शेगड्यांच्या हिशेबाने वाचलं की कुठे काय मागवावं हे बरंचसं आपोआप कळतं.

पंजाबी पान म्हणजे तीन पातेली

सगळ्यात लांबलचक पान पंजाबीचं, आणि सगळ्यात कमी पसारा त्याचाच. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला हॉटेलच्या मागच्या दाराने डोकावलात तर मोठाली पातेली रटरटताना दिसतील. एकात लाल ग्रेव्ही: टोमॅटो, थोडा कांदा, आलं-लसूण, रंगापुरती काश्मिरी मिरची, सगळं शिजवून, वाटून, गाळून. दुसऱ्यात पांढरी: उकडलेला कांदा, काजू आणि मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया. काजू महाग, मगज त्यामानाने स्वस्त, त्यामुळे दोघांचं प्रमाण किती हे हॉटेलच्या दरावरून ओळखावं. तिसऱ्या पातेल्यात तांबूस तळलेल्या कांद्याची ग्रेव्ही. याशिवाय बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतून ठेवलेला असतो, त्याला आचारी 'चॉप मसाला' म्हणतात.

आता संध्याकाळी तुम्ही पनीर बटर मसाला सांगता. आचारी मोठ्या आचेवर कढई ठेवतो, बटरचा गोळा टाकतो. त्यात दोन पळ्या लाल, अर्धी पळी पांढरी. मीठ, चिमूटभर साखर, पनीरचे तुकडे. तळहातावर चुरडलेली कसुरी मेथी. वरून क्रीमची एक रेघ. चार मिनिटांत वाटी तयार. शेजारच्या टेबलाने कढाई पनीर सांगितलंय. त्यासाठी चॉप मसाला, एक पळी लाल, शिमला मिरची आणि कांद्याचे चौकोनी तुकडे, भरड कुटलेले धणे आणि लाल मिरची. काजू करी हवी? पांढरी जास्त, लाल चवीपुरती. व्हेज कोल्हापुरी? लाल ग्रेव्हीत तिखट दुप्पट आणि वर एक अख्खी मिरची तळून. (या भाजीवर कोल्हापूरकरांनी कधी हक्क सांगितल्याचं ऐकिवात नाही.) शाही, हंडी, दिवानी, तूफानी या नावांमागे काही खानदानी पाककृती असेल असं समजू नका. बहुतेक ठिकाणी ती पळ्यांची मापं आहेत.

यात फसवणूक वगैरे काही नाही. रविवारी रात्री चाळीस टेबलं एकदम भरली की प्रत्येकाची भाजी कांदा चिरण्यापासून सुरू करणं कोणालाच शक्य नाही. शिवाय हा प्रकार पहिल्यापासूनच काटकसरीतून आलेला आहे. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दरियागंजात मोतीमहल सुरू केलं आणि तिथून तंदुरी चिकन, बटर चिकन देशभर गेलं. तंदुरी कोंबडी उरली की कोरडी पडते, म्हणून तिला लोणी-टोमॅटोच्या रश्श्यात घोळवायचं, अशी बटर चिकनची जन्मकथा सांगतात. ते आधी कोणी केलं यावरून दोन घराणी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली. श्रेय कोणालाही जावो, युक्ती इतकी सोयीची होती की ती गावोगाव पोचली: एक पातेलं सकाळी करून ठेवा, रात्री वाटेल तितक्या भाज्या काढा.

तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच. सहा जण बसलात आणि पनीर बटर मसाला, मलाई कोफ्ता आणि काजू करी अशा तीन भाज्या मागवल्यात तर पैसे तीन भाज्यांचे आणि चव जेमतेम दीड भाजीची. एक ग्रेव्हीची घ्या, एक सुकी किंवा चॉप मसाल्यातली घ्या, तिसरी डाळ. वेटरला सरळ विचारा, "ही लाल ग्रेव्हीत येते का पांढऱ्या?" त्याला नक्की माहीत असतं. उलट असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो जरा नीट बघतो.

चायनीजवाल्याची आच

चायनीजची शेगडी वेगळीच बसवलेली असते आणि तिथला माणूसही बहुधा वेगळा. नूडल्स उकडून तेलाचा हात लावून ठेवलेल्या, भात मोकळा करून गार केलेला, मंचुरियनचे गोळे एकदा तळून ठेवलेले, कोबी-गाजर-सिमला चिरून डबे भरलेले. समोर सोया सॉस, व्हिनेगर, चिली सॉस, शेजवान चटणी, पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. इथे पदार्थ घडतो तो तयारीत नव्हे, आचेत. हंड्याएवढ्या जाळावर लोखंडी कढई इतकी तापते की भाजीचं पाणी सुटायच्या आत ती भाजली जाते, आणि त्यातून तो किंचित धुरकट वास येतो. घरच्या गॅसवर ही आच मिळत नाही, म्हणून घरचा फ्राइड राईस चवीला बरा असूनही 'तसा' लागत नाही. गाडीवरचा लागतो.

हे चायनीज चीनमधलं नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते आलं कुठून? मूळ कोलकात्यातल्या हाक्का चिनी वस्तीतलं. तिथल्या तांगरा भागात कातडी कमावणाऱ्या चिनी कुटुंबांनी पुढे खानावळी काढल्या. मंचुरियनची गोष्ट मात्र मुंबईची. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमाराला क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने दाट केलं, असं सांगितलं जातं. म्हणजे फोडणी आपली, बाटली त्यांची. शेजवानचंही तसंच. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या जेवणाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारं एक प्रकारचं मिरं. ते आपल्या कोकणातल्या तिरफळाचं सख्खं भावंड. आपल्याकडच्या शेजवान चटणीत ते औषधालाही नसतं. असते ती लाल मिरची आणि लसूण, आणि सोलापूरकराला त्याहून वेगळं काय हवं?

अजिनोमोटोबद्दल दोन वाक्यं, कारण प्रत्येक टेबलावर हा विषय निघतो. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या काढ्यातली चव वेगळी काढली, तीच ही पांढरी पूड. तिची चव येते ती ग्लुटामेट नावाच्या घटकामुळे. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असतं, आणि नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात ते घातक असल्याचं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. कोणाला त्रास होतो असं वाटत असेल तर 'न घालता द्या' म्हणावं, भांडू नये. खरी काळजी करायची तर तळणीच्या तेलाची करा. तेल वारंवार तापलं की त्यात बिघडलेले घटक साठत जातात, आणि त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. टेबलावर बसून हे मोजता येत नाही, पण गोळे काळपट, चिकट आणि घशाला खवखवणारे लागले तर तेलाची वेळ भरली असं समजा.

मंचुरियन आलं की आधी खा. फोटो नंतर. दहा मिनिटांत गोळे रस पितात, फुगतात, आणि खाली उरतं ते तपकिरी खळीसारखं काहीतरी.

साउथ इंडियन, तंदूर

डोशाचं पीठ आठ-बारा तास आंबतं. त्याला घाई चालत नाही. सकाळी नऊला ते ऐन भरात असतं. रात्री दहाला, त्यातून आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, आंबट होऊन बसतं. म्हणून इडली-डोसा सकाळी आणि उडुपी पद्धतीच्या, दिवसभर तेच करणाऱ्या हॉटेलात खावा. पंजाबी-चायनीजच्या हॉटेलात रात्री मसाला डोसा मागवणं म्हणजे ज्या तव्यावर दिवसात चार डोसे पडतात त्यावरचा पाचवा होणं.

तंदूर तापायला तास-दीड तास लागतो आणि तापला की ४०० अंशांच्या पुढे जातो. भिंतीला चिकटलेली रोटी मिनिट-दीड मिनिटात निघते. दुपारी हॉटेल उघडल्या उघडल्या नान मागवलात तर तो निम्मा कच्चा येण्याची शक्यता जास्त. गर्दीच्या वेळी तोच तंदूर फर्मास चालतो.

भाकरी या हिशेबात बसत नाही

आता आपल्या घरच्या पानाकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. 'सोलापुरी स्पेशल'मधले पदार्थ पळीच्या मापाने होत नाहीत.

ज्वारीची भाकरी घ्या. तिचं पातेलं भरून ठेवता येत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात मळायचं, ताजं मळायचं, हाताने थापायचं, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा आणि उलटून जाळावर फुगवायची. पुढच्या पाच मिनिटांत ती खाल्ली तर खाल्ली, नाही तर चामट. (आपल्या लोकांनी याचं दुसरं टोकही शोधून ठेवलंय: कडक भाकरी. पातळ थापून, पाणी पार उडेपर्यंत भाजलेली, कित्येक दिवस टिकणारी. मधली अवस्था मात्र कोणाच्याच कामाची नाही.) त्यामुळे भाकरी द्यायची तर हॉटेलला एक चूल आणि एक बाई केवळ तिच्यासाठी ठेवावी लागते. मेन्यूकार्ड हातात घेतल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

"भाकरीला मावशी आहेत का आज?"

"हायत की साहेब. करूलालेत बघा तिकडं."

मावशी असतील तर बिनधास्त सोलापुरी पान उघडा. 'दोन मिनिटांत आणतो' म्हणत वेटर आत जाऊन विचारून येत असेल, तर रोटी सांगा आणि मोकळे व्हा. ज्वारी मालदांडी असली तर भाकरी पांढरी, मऊ आणि किंचित गोडसर लागते. आपल्या जिल्ह्यातलं मंगळवेढा या ज्वारीचं कोठार म्हणून ओळखलं जातं आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. इतक्या जवळ इतकी चांगली ज्वारी पिकत असताना हॉटेलात जुनाट, कडवट पिठाची भाकरी खाऊ घालणाऱ्यांना काय म्हणावं!

शेंगाच्या चटणीचंही असंच आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, एवढाच ऐवज. उखळात कुटली की दाण्याचं तेल सुटतं, तिखट त्या तेलात मुरतं आणि चटणी ओलसर, गोळा धरणारी होते. मिक्सरला घाईत फिरवली की सुकी पूड. चिमटीत धरून दाबा, लगेच कळतं. चटणी टेबलावर फुकट येते म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही, पण हॉटेलवाला फुकटच्या गोष्टीत किती जीव घालतो यावरून पैशाच्या गोष्टीचा अंदाज येतो.

मटणाचं काळेपण खोबरं आणि कांदा चांगला करपवट भाजून, काळ्या मसाल्यात येतं. ताटात 'सोलापुरी मटण' लालभडक, गुळगुळीत आणि वर क्रीमची रेघ घेऊन आलं, तर ते कुठल्या पातेल्यातून आलं हे आता तुम्हाला सांगायला नको.

हे वेगवेगळे पदार्थ सोलापुरात एकत्र आले त्यामागे गावाचा इतिहास आहे. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७० च्या दशकात कापडगिरणी उभी राहिली, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर पूर्व भागात वस्तीला आले. कन्नड लिंगायत कुटुंबं आधीपासून होतीच. विजापूर शंभर किलोमीटरवर. नळदुर्ग-तुळजापूरकडे गेलं की १९४८ पर्यंत निजामाचं राज्य सुरू व्हायचं. दख्खनी मुसलमानांची बिर्याणी, लिंगायत खानावळीतली ज्वारीची रोटी आणि उसळ, तेलुगू घरांतला चिंचेचा आंबट भात, मराठ्यांचा रस्सा, हे सगळं गावात होतं, पण एका छताखाली नव्हतं. ज्याची त्याची खानावळ, ज्याची त्याची चूल. गिरणीतून सुटलेला माणूस आपापल्या चुलीकडे जायचा.

त्या जुन्या पद्धतीची एक खूण बिर्याणीत अजून टिकून आहे. दमाची बिर्याणी हंडीने होते, प्लेटने नाही. हंडी फोडली, संपली, विषय संपला. 'बिर्याणी संपली साहेब' असं दुपारी अडीचला ऐकवणाऱ्या हॉटेलावर चिडू नका, उद्या लवकर जा. रात्री अकरालाही हमखास मिळणारी, कार्डावर हैदराबादी, लखनवी, काश्मिरी अशा आठ प्रकारांत येणारी बिर्याणी बहुधा तयार भात आणि तयार ग्रेव्ही यांची ऐनवेळची सोयरीक असते.

मग एका छताखाली का आणलं?

कारण आपण एकटे जेवायला जात नाही. रविवारी निघतो तेव्हा आजी, दोन भाऊ, वहिनी, पोरं, एखादा जावई असा दहा जणांचा घोळका असतो. आजीला भाकरी आणि दह्याशिवाय चालत नाही, पोरांना नूडल्स, जावयाला तंदुरी, वहिनींचा शनिवार-सोमवार असतो, आणि कोणीतरी कांदा-लसूण खात नाही. या दहा जणांना चार हॉटेलांत वाटून कसं घालणार? बिल तर एकच जण देणार, आणि ते कोण देणार यावर काउंटरपाशी झटापट होणार. आपलं मल्टीक्युझिन हॉटेल या घोळक्यासाठी बेतलेलं आहे.

हाच प्रश्न आशियातल्या दुसऱ्या शहरांनी वेगळ्या रीतीने सोडवला. सिंगापूरला ज्यांची मुलं नोकरीला आहेत अशी घरं आता सोलापुरातही कमी नाहीत, त्यांनी तिथली हॉकर सेंटरं पाहिली असतील. १९७० च्या दशकापासून तिथल्या सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळ, गटार, वीज असलेल्या मोठ्या छपरांखाली गाळे दिले. एकेका गाळ्यावर एखादाच पदार्थ, फार तर दोन-तीन. एक जण वर्षानुवर्षं कोंबडी-भातच करतो, शेजारचा फक्त शेवयांचा रस्सा, पलीकडे तमिळ मुसलमानाचा पराठा, त्यापलीकडे मलाय जेवण. मधे टेबलं सगळ्यांची सामाईक. घोळक्याने एकाच टेबलावर बसायचं आणि प्रत्येकाने आपापल्या गाळ्यावरून आणायचं. जागा धरायला टेबलावर कागदी रुमालाचं पुडकं ठेवलं की पुरतं, आपण एसटीत खिडकीतून टाकतो त्या टॉवेलाचं काम ते करतं. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारसा यादीत घेतलं.

फरक लक्षात आला का? तिथे विविधता छपराखाली आहे, पण हात एका पदार्थावर बसलेला आहे. आपल्याकडे विविधता एकाच स्वयंपाकघरात कोंबलेली आहे.

जपानमध्ये दोन्ही दिसतं. सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, करणारा सोबाच करतो, ईल मासा भाजणारा तोच भाजतो. पण तिथेही घोळक्याचा प्रश्न होताच, म्हणून १९७० मध्ये स्कायलार्क नावाने टोकियोजवळ पहिलं 'फॅमिली रेस्टॉरंट' निघालं आणि त्या पद्धतीच्या साखळ्या देशभर पसरल्या. तिथे पोराला हॅम्बर्गर, आजोबांना मासा-भात, आईला स्पॅगेटी, सगळं एका कार्डावर. तयारी कारखान्यासारख्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात, शाखेत फक्त शेवटचा हात. आपली तीन पातेली आणि त्यांचं मध्यवर्ती स्वयंपाकघर यांची जात एकच. हाँगकाँगच्या चहाघरांत दुधाचा चहा, मॅकरोनीचं सूप आणि भात-चॉप एकाच टेबलावर येतात. मलेशियात 'मामाक' म्हणून ओळखली जाणारी तमिळ मुसलमानांची हॉटेलं कित्येक ठिकाणी रात्रभर उघडी असतात, आणि तिथला रोटी कनाई पराठा डाळीच्या आमटीबरोबर खाताना सोलापूरकराला मुळीच परकं वाटत नाही.

शाकाहारी मंडळी तिकडे जाणार असतील तर एक सांगून ठेवतो. थायलंडमध्ये भाजीच्या पदार्थातही माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, मिठासारखं पडतं. जपानमध्ये साध्या सूपचा काढाही बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा. 'मांस नको' म्हटल्यावर तिथला माणूस प्रामाणिकपणे मांस घालत नाही, मासा घालतो, कारण त्याच्या लेखी तो मसाला आहे. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधा. तिथे मांस-मासा तर नाहीच, लसूण-कांदाही नसतो.

आणि हो, आपल्या कार्डावरची थाई करी. तिचं वाटण गवती चहा, गलंगल (आल्यासारखा एक कंद), मकरूट लिंबाची सालं आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट यांचं असतं. हे आठवड्यातून दोनदा मागवल्या जाणाऱ्या पदार्थासाठी कोण ताजं आणून वाटणार? पाकीट फोडतात, नारळाचं दूध ओततात. वाईट लागेलच असं नाही. पण ज्या पानावर हॉटेलचा आचारी स्वतः कधी जेवत नाही, त्या पानावर पैसे लावायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

चालू शेगडी ओळखायची कशी? बसल्यावर पाच मिनिटं कार्ड मिटवून आजूबाजूच्या टेबलांवर काय जातंय ते बघा. दहापैकी सहा टेबलांवर तंदूर असेल तर त्या हॉटेलात तंदूर तापलेला आहे, कणीक ताजी आहे, चिकन आजचं आहे. जे फिरतं ते ताजं.

बिल

जेवणाचा कर साधा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांत, एसी असो वा नसो, जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. ज्या हॉटेलात राहायच्या खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे तिथल्या जेवणावर १८ टक्के, पण तो आपला रविवारचा प्रश्न नाही. छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. ती स्वतःच्या उलाढालीवर कर भरतात आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाहीत. त्यांच्या बिलावर तसं छापलेलं असायला हवं. कंपोझिशनचं बिल आणि खाली ५ टक्के जीएसटी असं दोन्ही दिसलं तर शांतपणे बोट ठेवा.

सर्व्हिस चार्ज ही सरकारी गोष्ट नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. काढायला सांगा. न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. वेटरला टीप द्यायची तर त्याच्या हातात द्या, ती त्याला मिळेल. सिंगापुरात उलट आहे: जेवणाच्या दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर ९ टक्के कर चढणार, आणि तिथे ते रीतसर आहे. हॉकर सेंटरात मात्र पाटीवरचा दर तोच बिलाचा.

पाण्याची बाटली छापील किमतीहून महाग लावली म्हणून बरेच जण चिडतात. हॉटेलात बसून पिताना तसं करता येतं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच तसा निकाल दिला आहे. साधं पाणी मागा, संपलं. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे का तेवढं बघा, २०२२ पासून तो छापणं सक्तीचं आहे.

उरलेलं

पार्सल बांधून न्यायला लाजू नका, पण भाताबद्दल सावध राहा. कच्च्या तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. फ्राइड राईसचा भात मुळात दुपारी शिजवून ठेवलेला, त्यात आपला उन्हाळा. रात्री अकराला घरी आणलेला राईस ओट्यावर झाकून ठेवून सकाळी परतून पोराच्या डब्यात घालायचा, ही सवय सोडा. आणल्या आणल्या पसरट ताटात काढून गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवायचा, वाफ येईपर्यंत तापवून, एकदाच. ग्रेव्हीही रात्रीच फ्रिजमध्ये गेली असेल तर सकाळी खळखळून उकळून चालते. मंचुरियन मात्र हॉटेलातच संपवून उठा.